हजेरीत गप्प राहिलेल्या दहा जणी

भिंगमावशी हे नाव तिच्या तोंडावर कुणी घेत नसे. तोंडावर ती नुसती मावशी. पाठ वळली की गृहातल्या पोरी एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, नीट बस गं, भिंग आलं. दूधवाला एकदा मिशी काढून आला, तर तिने त्याला दारातच उभं करून चार उलटसुलट प्रश्न विचारले होते. गॅसची टाकी ती स्वतः ओढत आत न्यायची, पण टाकीवाल्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. नवीन डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन, फोटोतला तीळ गालावरही आहे याची खात्री झाल्यावरच तिने दार उघडलं. बाई वाईट नव्हती. समोरचा माणूस चांगला असेल, ही शक्यता ती फक्त सगळ्यात शेवटी विचारात घ्यायची.

याला कारण होतं. सतराव्या वर्षी ओळखीच्या एका काकांनी तिला कारखान्यात पॅकिंगचं काम लावून देतो म्हणून गाडीत बसवलं होतं. कारखाना काही आला नाही. पुढची आठ वर्षं तिने कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मीही सांगणार नाही. सुटल्यावर ती ज्या गृहात आली, तिथेच स्वयंपाकीण म्हणून राहिली, त्याला आता पंधरा वर्षं होत आली होती. तिच्यासारख्याच विकल्या गेलेल्या आणि सोडवून आणलेल्या पोरी तिथे राहायच्या, त्यांचे खटले संपेपर्यंत. बाहेरून कुणाला पत्ता लागू नये म्हणून पुलाजवळच्या त्या दुमजली घरावर पाटी होती, 'शिवणवर्ग. प्रवेश बंद झाले आहेत.'

गृहाचे नियम बरेच होते, पण पहिला नियम नावाचा. खऱ्या नावाने अनोळखी माणसाने हाक मारली तर वळायचं नाही, ओ द्यायची नाही, डोळासुद्धा हलवायचा नाही. मोठ्या बाईंनी किंवा मावशीने मान हलवली तरच बोलायचं. गृह चालवणाऱ्या मोठ्या बाई याची तालीम घ्यायच्या. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना त्या अचानक कुणालातरी दाराआडून एखादीचं नाव पुकारायला लावायच्या, आणि जी वळेल तिने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. सुरुवातीला सगळ्याच घासायच्या. पण दोन-तीन महिन्यांत पोरी अशा तयार व्हायच्या की कानाशी ढोल वाजवला तरी ढिम्म.

नदी चढली ती मंगळवारी सकाळी, आणि दुपारपर्यंत खालच्या मजल्यावरची शिवणयंत्रं पाण्यात गेली. होडी आली. जिन्यावरून उतरताना मोठ्या बाईंचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना दुसऱ्या होडीतून इस्पितळात नेलं. जाताना वेदनेने पांढरीफटक पडलेली ती बाई एवढंच म्हणाली, "मावशी, दहाही पोरी तुझ्या." मावशीने नुसती मान हलवली. डाळ किती शिजवायची हे तिला कळत होतं. दहा पोरी सातशे अनोळखी माणसांत कशा सांभाळायच्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

छावणी होती एका कॉलेजात. बाकं एकावर एक रचून वर्ग मोकळे केलेले, व्हरांड्यात ओले कपडे, जिन्यात चिखल, आणि मैदानात टेबल टाकून बसलेला छावणीचा कारकून. त्याच्याकडे वरच्या कचेरीतून आलेल्या याद्या होत्या. एकेक वस्ती, एकेक इमारत घेऊन तो नावं वाचत होता, माणसं 'हजर' म्हणत होती आणि पुढे सरकत होती. मग त्याने घसा खाकरून वाचलं, "पुलाजवळचं महिला गृह." आणि पाठोपाठ पहिल्या पोरीचं खरं नाव, तिचं वय, तिचं गाव.

मावशीने आजूबाजूला बघितलं. भोवती शेकडो माणसं. कुणी कान देऊन उभं, कुणी फोन वर धरून चित्रण करतंय. त्यात पिवळा रेनकोट घातलेला एक उंच माणूस हातात वही घेऊन प्रत्येक घोळक्याची डोकी मोजत फिरत होता. या पोरींवरून त्याची नजर एकदा गेली, आणि परत आली. मावशीने मान हलवली नाही. कारकुनाने दहाही नावं दोन-दोनदा वाचली आणि दहाही जणी त्याच्यापासून पंधरा हातांवर मिठाची गुळणी धरून उभ्या राहिल्या. त्याने यादीवर काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. नंतर मावशीने टेबलापाशी जाऊन सांगितलं की आम्ही अकरा जणी, शिवणकामाच्या, कागदपत्रं वाहून गेली. कारकून सकाळपासून ओरडून घोगरा झाला होता. त्याने 'शिवणकाम, अकरा' असं खरडलं आणि वर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा आहे म्हणाला.

त्या दिवशी मावशी स्वतःवर खूश होती. प्रयोगशाळेला एकच दार होतं, आतून कडी होती, आणि नळ होते. उंच टेबलांच्या खाली चादरी टाकल्या की प्रत्येकीची वेगळी खोली झाल्यासारखी व्हायची. काचेच्या कपाटातल्या बाटल्यांना पोरी नावं देत होत्या. मावशीने दारापाशी आपलं अंथरूण टाकलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी सुरू केली. चादरी वाटायला आलेल्या बाईला तिने विचारलं, चादरी कुणी दिल्या, तुला कुणी पाठवलं, तुझं घर कुठे. ती बिचारी चादरी टाकून पळाली. सगळ्यात जास्त संशय होता तो पिवळ्या रेनकोटवाल्यावर. जेवणाची पाकिटं तोच आणायचा. दारात उभं राहून आत बघायचा, ओठ हलवत मोजायचा आणि न चुकता अकरा पाकिटं ठेवून जायचा. एकदा त्याने विचारलं, "सगळ्या शिवणकामाच्या का?" मावशी म्हणाली, "का? कपडे शिवायचेत?" त्याने वही मिटली आणि गेला. हा माणूस माल मोजावा तसं मोजतो, असं मावशीच्या मनाने घेतलं.

बुधवारी संध्याकाळी मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली. छावणीच्या कर्ण्यावरून बेपत्ता माणसांची यादी वाचायला लागले. म्हातारे, लहान मुलं, एक दुकानदार. आणि मग, स्वच्छ, सावकाश, दोनदा, "पुलाजवळच्या महिला गृहातील खालील दहा महिला बेपत्ता आहेत." दहाही नावं, वयं, गावं. नातेवाइकांनी छावणीत संपर्क साधावा. हीच यादी रेडिओवरूनही गेली, असं जिन्यात कुणीतरी सांगत होतं.

पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. जे नाव वर्षानुवर्षं लपवलं ते नदीच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं होतं, आणि तेही आपण गप्प बसलो म्हणून. मावशीला रडायला येत होतं, पण तेवढा वेळ नव्हता. आता कारकुनाकडे जाऊन पोरी जिवंत आहेत म्हणावं, तर नावं 'सापडल्या' म्हणून खालच्या भिंतीवर चिकटवलेल्या यादीत लागणार. गप्प बसावं, तर ज्यांना या पोरी हव्यात ते शोधत येणार. नियम तिनेच पाळला होता, आणि नियमानेच घात केला होता. ती सगळ्यांत आधी धाकटीजवळ जाऊन बसली.

धाकटी म्हणजे दहा जणींतली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी एका बाईने तिला नोकरीच्या नावाखाली बाजारातून परस्पर नेऊन विकलं होतं, घरच्यांनी त्या बाईचं तोंडही बघितलं नव्हतं. त्या बाईला सगळे वहिनी म्हणायचे. वहिनी पकडली गेली, आणि जामिनावर सुटलीही. एकोणीस दिवसांनी कोर्टात धाकटीची साक्ष होती. ती साक्ष झाली तर वहिनी आत जाणार होती. ती झाली नाही, तर खटल्यात फारसं काही उरत नव्हतं. त्यामुळे धाकटी कुठे आहे हे कळण्यात वहिनीचा जीव अडकलेला होता, आणि ते न कळण्यात धाकटीचा.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला व्हरांड्यात एक पोरगा दारोदार फोटो दाखवत फिरू लागला. बावीस-तेवीस वर्षांचा, खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले. मावशी दार ओढून घेऊन बाहेर उभी राहिली. त्याने फोटो पुढे केला. फोटोत धाकटी होती, चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

"माझी बहीण आहे," तो म्हणाला. "काल रेडिओवर नाव सांगितलं. तुम्ही कुठे बघितलंत का?"

मावशीने फोटो बघितला नाही, त्याचे बूट बघितले. छावणीत तीन दिवस झाले होते आणि गुडघ्यापर्यंत चिखल नसलेला एक माणूस तिने पाहिला नव्हता. या पोराचे बूट कोरडे होते. फोटोच्या मागे गावाचं नाव लिहिलेलं होतं. धाकटीच्या तोंडून तिने ते गाव ऐकलं होतं. तिथून इथे यायला धड रस्ता असताना दोन दिवस लागायचे, आणि आता तर पूल वाहून गेला होता. संध्याकाळी नाव वाचलं आणि सकाळी भाऊ हजर, तोही कोरड्या पायांनी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने त्याला जिन्याच्या वळणावर नेलं आणि चौकशी सुरू केली. तो म्हणाला, आई आजारी आहे, अंथरुणाला खिळलीय, तिला एकदा बघायचंय. मावशीने मनात म्हटलं, झालं, आजारी आई आलीच. पोरी उचलायला येणाऱ्या प्रत्येकाची आई आजारीच असते. अंगावरच्या खुणा विचारण्यात अर्थ नव्हता. खुणा विकणाऱ्यालाही माहीत असतात, विकत घेणाऱ्यालाही. मावशीचं सगळं आयुष्य स्वयंपाकघरात गेलेलं. तिने तिच्या अकलेप्रमाणे विचारलं, "जेवताना तुमची बहीण आवडता पदार्थ आधी संपवते की मागे ठेवते?"

पोरगा गोंधळला. मग त्याचा चेहराच बदलला.

"मागे ठेवते. आणि मी तो उचलायचो," तो म्हणाला. "रोज. मग ती डावा हात ताटावर आडवा धरून जेवायला लागली. आई ओरडायची, ताट झाकून काय जेवतेस म्हणून. पण ती सवय काही गेली नाही तिची. माझ्यामुळे लागलेली."

मावशी भिंतीला टेकली. धाकटी गृहात आल्यापासून ताटावर आडवा हात धरून जेवत होती. तिला विकलं त्या घरात उपाशी ठेवलं असणार, कुणी ताटातलं ओढून घेत असणार, असं समजून दोन वर्षं मावशीचा जीव तुटत होता. ती सवय या पोराने लावली होती, चेष्टेत, स्वतःच्या घरात बसून. दोन वर्षांत पहिल्यांदा मावशीला धाकटीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट कळली होती, आणि ती सांगणारा माणूस खरा होता यात काडीची शंका उरली नव्हती. तिला स्वतःचंच नवल वाटलं. मग बूट आठवले.

"तू आलास कसा रे बाळा?" तिने विचारलं. तुम्हीवरून तूवर आपण कधी आलो, हे तिलाही कळलं नाही.

त्याने सगळं सांगून टाकलं, लपवावं असं त्याला काही वाटतच नव्हतं. महिन्यापूर्वी एक ताई त्यांच्या घरी आली होती. हरवलेल्या मुली शोधून देणाऱ्या संस्थेची होती. फार भली बाई. आईला डॉक्टरकडे तिनेच नेलं. तुझी बहीण त्या शहरात एका गृहात आहे पण गृहाचा पत्ता लागत नाही, असं म्हणून तिनेच त्याला आठवड्यापूर्वी गाडीतून आणलं. पाऊस वाढला तसे ते वरच्या रस्त्याकडेच्या एका लॉजवर अडकले. काल रेडिओवर नाव आलं. ताई स्वतः आत आली असती, पण तिच्या पायाला लागलंय, म्हणून फाटकाबाहेर गाडीतच बसलीय. मुली इथेच कुठेतरी लपवल्या असतील, नीट बघ, शिवणकामाच्या बायका कुठे आहेत का विचार, असं तिने सांगून ठेवलंय.

शिवणकामाचं ऐकून मावशी मनात हिशोब करू लागली. पाटीवरचं कुणाला माहीत होतं आणि वहीतलं कुणाला? वहीतलं माहीत असणारे दोघेच, कारकून आणि पिवळा रेनकोट. तिने पोराला तिथेच बसायला सांगितलं, वर चौकशी करून येते म्हणाली आणि प्रयोगशाळेत शिरून कडी लावली.

धाकटी दारामागेच उभी होती. पांढरीफटक. "दादाचा आवाज आहे," ती म्हणाली. "मावशी, दादा आहे ना तो?"

मावशीने तिला खिडकीशी नेलं. खिडकीच्या खालच्या काचा रंगवलेल्या होत्या. वरच्या फटीतून फाटकापलीकडचा रस्ता दिसायचा. एक करडी गाडी उभी होती. फाटकावरचा शिपाई गाडीच्या खिडकीशी वाकून हसत बोलत होता. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि गॉगल लावलेली एक बाई खाली उतरली. पायाला काही लागलेलं नव्हतं. दोन पावलं चालून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कॉलेजच्या खिडक्या एकेक करून बघू लागली.

धाकटी खाली बसली. पडली नाही, नुसती बसली, टेबलाच्या पायाशी. "वहिनी," ती म्हणाली.

पोलिसांना सांगावं, तर पोलीस म्हणून डोळ्यांपुढे होता तो हा शिपाई. फोनला तीन दिवस रेंज नाही. आणि सांगायचं तरी काय, एक बाई रस्त्यात उभी आहे म्हणून? गृहात एक नियम नावाच्या नियमाहूनही वरचा होता. इथे येण्याआधी या पोरींच्या वतीने सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं असायचं, म्हणून इथे ज्या पोरीचा प्रश्न तिनेच ठरवायचं. मावशीला तो नियम नेहमी थोडा वेडेपणाचा वाटायचा. आज तिने तो पाळला. ती धाकटीसमोर मांडी घालून बसली, दादा कुणाबरोबर आलाय आणि आई अंथरुणाला खिळलीय हे तिने सांगितलं, आणि मग तीन वाटा सांगितल्या. दादाला आत घ्यायचं आणि इथेच ठेवून घ्यायचं, म्हणजे तो परत आला नाही यावरून वहिनीला कळणार. दादाला खरं सांगायचं आणि वहिनीपुढे खोटं बोलायला पाठवायचं. किंवा दादालाच खोटं सांगायचं.

बाकीच्या नऊ जणी टेबलांखालून बघत होत्या.

"दादाला खोटं जमत नाही," धाकटी म्हणाली. "लहानपणी पेन चोरलं होतं तर विचारायच्या आधीच रडला होता. ती त्याच्या तोंडावरून ओळखेल. आणि मग त्याचं काय करतील?"

"मग?"

"त्यालाच सांग. पण मेली म्हणू नको, मावशी. सापडली नाही म्हण. आईला वाट बघायची सवय आहे. एकोणीस दिवस अजून बघेल." ती थांबली. "बघेल ना?"

मघाशी मनात म्हटलेलं सगळं मावशीला आठवलं. ती आजारी आई खरी निघाली होती. एकोणीस दिवस तिचा जीव टिकेल की नाही, हे मावशीच्या हातात नव्हतं, आणि मावशीला खोटा दिलासा देता येत नसे. ती म्हणाली, "मला नाही माहीत, पोरी." धाकटीने मान हलवली. तेवढ्या मान हलवण्यात तिने जे ठरवलं ते भल्याभल्यांना झेपलं नसतं. मावशीला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी स्वतःचा, वहिनीचा, त्या नदीचा, सगळ्या जगाचा संताप आला.

पण आधी एक काम होतं. खाली कुणी त्या पोराला अकरा शिवणकामवाल्यांबद्दल सांगितलं, तर सगळंच मुसळ केरात. पिवळा रेनकोट मागच्या जिन्यात पाण्याचे कॅन मोजत होता. आयुष्यात ज्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं त्याच्यासमोर मावशी जाऊन उभी राहिली.

तोच म्हणाला, "फोटोवाला मुलगा वर आला होता ना?"

"तुम्ही पाठवलात?"

"मला विचारलं त्याने, शिवणकामाच्या बायका कुठे आहेत. मी म्हटलं, इथे तसं कुणी नाही." त्याने कॅन खाली ठेवला. "पुलाजवळ शिवणवर्गाची पाटी आहे तिथल्या बायका कुठे आहेत, असं फाटकावरच्या त्या बाईने शिपायाला विचारलं होतं, शिपायाने मला. त्यालाही तेच सांगितलं. कारकुनाच्या वहीचं ते पान काल रात्री फाटलं. मी फाडलं."

मावशीचा संशय काही इतक्यावर जाणारा नव्हता. "का पण? तुम्हाला काय कळलं?"

"मी इथेच शिकवतो. ती प्रयोगशाळा माझी आहे," तो म्हणाला. "वीस वर्षं हजेरी घेतोय. वर्गात नसलेली पोरं वेगळी आणि असून गप्प बसणारी वेगळी. मंगळवारी मैदानात दहा नावं वाचली, आणि तुमच्या दहा जणी जरा जास्तच स्तब्ध उभ्या होत्या. दगड बरे. मग कर्ण्यावर यादी आली तेव्हा वाटलं, आपण तेव्हाच कारकुनाला थांबवायला हवं होतं. उशीर झाला मला."

मावशीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, तीळ नव्हता, काहीच तपासण्यासारखं नव्हतं. दुपारी दोन वाजता इस्पितळाकडे औषधांचे रिकामे खोके घेऊन एक ट्रक मागच्या फाटकाने जातो, वर ताडपत्री असते, इस्पितळात तुमच्या मोठ्या बाई आहेत, असं त्याने सांगितलं. मोठ्या बाईंचं तुम्हाला कुणी सांगितलं, असं मावशीने लगेच विचारलंच. होडीवाल्याने, तो म्हणाला. मावशीने ट्रकचा नंबर विचारला, ड्रायव्हर किती वर्षं ओळखीचा आहे ते विचारलं, आणि मग म्हणाली, "तुम्ही पुढे बसायचं. मी मागे. मध्ये ट्रक थांबला तर मी ओरडणार." तो बरं म्हणाला.

मग ती जिन्याच्या वळणावर आली. पोरगा तिथेच बसून होता, पिशवी मांडीवर घेऊन, वर्गाबाहेर बसवल्यासारखा. तिला बघताच उठला. आयुष्यभर मावशीने खोट्या माणसांना खरं बोलायला लावलं होतं. समोरच्या खऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाळा," ती म्हणाली, "पुलाजवळच्या घरातल्या पोरी इथे आल्याच नाहीत. होडी तिथे पोचली तेव्हा खालचा मजला पाण्यात होता. मी सगळीकडे विचारलं. कुणी सापडलं नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असावा, तसं ती रोज माणसांच्या चेहऱ्यावर शोधायची. तिने चेहरा हलू दिला नाही. ओ न देण्याची ती तालीम पोरींबरोबर तिचीही झाली होती. मग त्याने जिन्याच्या कठड्यावर डोकं टेकवलं आणि आवाज न आवरता, लहान मुलासारखा रडायला लागला. व्हरांड्यातली माणसं थांबली. मावशीला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला तर तोंडातून खरं निघेल या भीतीने तिने दोन्ही हात मागे बांधून धरले.

"आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सापडली नाही म्हणून सांग. वाट बघा म्हणावं. मेली म्हणून कुणी सांगितलं तरी ऐकू नका, महिनाभर तरी ऐकू नका." याहून जास्त बोलायचा तिला धीर नव्हता, आणि हेही जास्तच झालं होतं.

त्याने डोळे पुसले. जाताना म्हणाला, इतक्या लोकांना विचारलं, तुम्ही एकट्याच धड बोललात, मावशी. आणि जिना उतरून गेला.

ती प्रयोगशाळेत आली तेव्हा धाकटी खिडकीच्या फटीशी होती. मावशी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. खाली पोरगा फाटकाबाहेर पोचला होता. गॉगलवाली बाई त्याला काहीतरी विचारत होती, त्याच्या हनुवटीला धरून चेहरा वर करून बघत होती. मग तिने त्याला मायेने जवळ घेतलं, थोपटलं आणि गाडीत बसवलं. गाडी वळली आणि वरच्या रस्त्याला लागली.

"जिन्यात रडला का?" धाकटीने विचारलं. ती वळली नव्हती.

मावशीने त्या दिवशी पुरेसं खोटं बोलून घेतलं होतं. "रडला," ती म्हणाली.

"खूप?"

"खूप."

"मग पटलं असेल तिला," धाकटी म्हणाली. आणि दोन वाजायला फार वेळ नव्हता म्हणून ती आपली चादर घडी घालायला बसली. ती एकच चादर तिने चार वेळा घातली आणि चार वेळा उलगडली. पाचव्या वेळी मावशीने तिच्या हातातून ती काढून घेतली.